प्रश्न चौथा, उपप्रश्न ब

मे महिना. परीक्षा भवनातल्या कूलरचं पाणी संपलंय,
नुसता खडखडतो.
समोर एम. ए.च्या दोनशे बारा उत्तरपत्रिका.
‘सम्राज्ञीचे कुलवृत्त व बालपण लिहा.’ गुण पाच.

बहुतेकांनी लिहिलंय : हीन कुळात जन्म.
गाइडमधलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट.
एकानं, काटोल केंद्रावरचा असावा,
‘तिचे वडील अस्वल राखत’
एवढंच लिहून पान कोरं सोडलंय.

त्या कोऱ्या पानाशी मी अडले.

तिथे रथांचं मैदान होतं.
गट दोन : हिरवे आणि निळे.
दोन शर्यतींच्या मधे लोकांनी उठून जाऊ नये
म्हणून अस्वलं.
राखणारा आजारानं गेला,
मागे बायको, तीन मुली,
थोरलीला सातही पुरी नव्हती.

इथे कस्तुरचंद पार्क होता.
डिसेंबर, तंबू, ओला भुसा,
प्रेक्षकांनी टाकलेल्या संत्र्यांच्या साली,
आणि माझा बाप, चैतू उईके, देवलापारकडचा,
मोहाखाली अस्वल कसं बसतं हे ज्याला पाठ.
वेसणही त्यानंच ओवली होती त्याच्या नाकात.
हेही लिहायला हवं.
काविळीनं गेला, मेयोच्या व्हरांड्यात,
पलंग मिळायच्या आत.

तिथल्या आईनं दुसरा घरोबा केला,
नव्या नवऱ्याला ती नोकरी मिळावी म्हणून.
माझ्या आईनंही. रामजी, झुल्याखालची जाळी बांधायचा.
तिथल्या अधिकाऱ्यानं दुसऱ्याकडून पैसे खाल्ले.
इथल्या मॅनेजरनंही.
बाविसाव्या वर्षी, कॉलेजच्या लायब्ररीत हे वाचलं
तेव्हा वाटलं, कोणीतरी
दीड हजार वर्षं आमच्यावर पाळत ठेवून होतं.

मग आईनं बर्डीवरून शेवंतीच्या माळा आणल्या, उधार.
डोक्यावर एक, दोन्ही हातांत एकेक,
तिघींना रिंगणात उभं केलं.
‘हात जोडा न बाई. अन् रडू नका.
रडलं का लोक उठून जातेत.’
धाकटीच्या हातातली माळ घसरून भुशात पडली.
लोकांना वाटलं, आयटम आहे.
टाळ्या वाजल्या.
मॅनेजरनं घड्याळ पाहिलं.

हिरव्यांनी त्या मुलींना झिडकारलं,
निळ्यांनी पदरात घेतलं, असं लिहिलेलं आहे.
आता यावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू,
आम्हालाही निळ्यांनीच घेतलं.
इंदोऱ्यातलं मुलींचं वसतिगृह, गच्चीवर निळा झेंडा,
दारात रंगारी बाई, कमरेला किल्ल्या.
‘फुलं काढा आधी,’ म्हणाल्या.
‘इथं कोणासमोर हात जोडायचे नाहीत.
पाटी धरा त्या हातात.’

आई ट्रकमध्ये बसली, सर्कस रायपूरला निघाली होती.
तिनं मागे वळून पाहिलं नाही.
पाहिलंही असेल. धूळ फार होती.

राणी झाल्यावरसुद्धा म्हणे
तिनं हिरव्यांना माफ केलं नाही.
मी विचारणाऱ्यांना सांगते, माझा कोणावर राग नाही.
फक्त टाळ्या सोसत नाहीत.
मार्चमध्ये माझा निरोप समारंभ होता,
मी आजारपणाची रजा टाकली.
विभागात आजही कोणाला ठाऊक नाही
की उईके मॅडम हा प्रश्न
दर तीन वर्षांनी पेपरात का घालायच्या.

काटोलच्या पोरा, तुझं एक वाक्य बरोबर आहे.
पुढे जागा सोडलीस तेही.
मैदानाची लांबी, गटांचे रंग, कोणी किती लाच खाल्ली
सगळं नोंदवलंय त्या लेखकानं,
राणीबद्दल घाणेरडं तर पानंच्या पानं,
पण ज्याच्या नाचावर त्या घरात चूल पेटत होती
त्या अस्वलाचं नाव कुठे नाही.

आमच्याचं बुधराम.
जिलबी आवडायची. विजांना भ्यायचा.
बाप गेल्यावर दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही,
तिसऱ्या दिवशी खाल्लं.
रायपूरनंतर त्याचं काय झालं
ते मला सापडलेलं नाही.

चार गुण.
एक कापला. पुढचं मलाही येत नाही.